जिनातलं जीन, अंगातली जीन्स आणि बियाण्यातलं जनुक

बाबांसोबत कापसाची गाडी घेऊन तू परवा जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, गेलास, रांगेत तीन तास बसून राहावं लागलं, आणि त्या रिकामपणात तू मला मोबाइलवर विचारलंस: "सर, या मशिनीले जीन म्हनतात, आमच्या कॉलेजात बीटीच्या बियाण्यातही जीन शिकवतात, मी घातली तेही जीन, अन हॉस्टेलवरचा एक पोट्टा म्हनते का दारूतली जिन बी याच्यातूनच निंगाली. हे सारे एकच व्हय का येगयेगळे?"

दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होऊ शकलो असतो. पण हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यावर मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवली, आणि त्याआधीचं सगळं लहानपण जिनाच्या आवारात गेलं. वडील तिथे काट्यावर होते. या एका शब्दावर माझा दोन्हीकडून हक्क लागतो. तेव्हा जरा बैस.

आधी निकाल, मग पुरावा. जिनिंगचं जीन आणि बियाण्यातलं जीन ही लांबची भावंडं आहेत. जीन्स त्या घरची नाही, ती एका शहराच्या नावावरून आली. दारूतली जिन एका झुडपाच्या फळावरून. तुझ्या हॉस्टेलवरच्या मित्राचं म्हणणं चूक आहे, पण त्याला फार हसू नकोस. त्याहून मोठी चूक मी स्वतः फळ्यावर नकाशा काढून शिकवली आहे. ती पुढे येईलच.

तू ज्या शेडबाहेर बसला होतास तिथून सुरू करू. आत ओळीने जी यंत्रं धडधडत असतात त्यांना डीआर म्हणतात, म्हणजे डबल रोलर. चामड्याच्या चकत्या एकमेकींना दाबून बसवलेले दोन लांब रोलर फिरत असतात आणि प्रत्येकाला एक स्थिर सुरी टेकलेली असते. चामड्याच्या खरखरीत अंगाला कापसाचे तंतू चिकटतात आणि सुरीखालून पलीकडे ओढले जातात. सरकी अंगाने मोठी, तिला त्या फटीतून जाता येत नाही, ती अडते. मधली हलती पाती तिला टोले देत राहतात, आणि तंतू सुटला की ती जाळीतून खाली पडते. पलीकडे रुई, खाली सरकी. क्विंटलभर कापसामागे ३३ ते ३५ किलो रुईचा उतारा पडतो, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. वडील रात्री घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळीवर, मिशीत रुईची लव असायची. आई दारातूनच म्हणायची, "आंधी झटकून या, मंग आत." चामडं तापल्याचा तो वास अजून कुठे आला तर मला वडील आठवतात.

तंतू ओढायचा आणि बी अडवायचं ही युक्ती काही साहेबाची नव्हे. दोन दांड्यांची हातचरखी आपल्याकडे शेकडो वर्षं होती. एका बाजूने कापूस घालायचा, मूठ फिरवायची, दांड्यांच्या चिमटीतून रुई पुढे जायची आणि सरकी मागे राहायची. इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्या कागदपत्रांत तिचं नाव 'चुरका' असं करून ठेवलं आहे. अमेरिकेत एलाय व्हिटनीने १७९३ मध्ये केलं ते यंत्र निराळ्या जातीचं होतं: त्यात दाते तंतूला पकडून अरुंद फटींमधून ओढून नेत. १४ मार्च १७९४ ला त्याला पेटंट मिळालं. तिकडच्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने सोडवणं फार किचकट होतं, ते काम एकदम सोपं झालं. कापसाचा पेरा वाढला, आणि शेतात राबणाऱ्या गुलामांची संख्या कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात. १८४० मध्ये मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने चामड्याच्या रोलरचं यंत्र काढलं. तू पाहिलंस ते डीआर त्याच्या वंशातलं.

व्हिटनीच्या यंत्राचं नाव कॉटन जिन. ते नाव आपल्याकडे यंत्रांसोबत गाडीत बसूनच आलं म्हण. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि साहेबाची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत खास फाटा टाकला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. या धामधुमीत गावोगावी 'जिनिंग-प्रेसिंग' उभे राहिले आणि लोकांनी त्यातला 'जीन' तेवढा ठेवून घेतला.

कसा ठेवून घेतला ते बघण्यासारखं आहे. इंग्रजीत यंत्राच्या आणि दारूच्या जिनमधली इ ऱ्हस्व, कपड्याच्या आणि तुझ्या अभ्यासातल्या जीनमधली दीर्घ. तिकडे जिन आणि जीन यांचा गोंधळ होत नाही, कारण उच्चारही वेगळा आणि स्पेलिंगही. मराठीने तो फरक गिळला. आपल्याकडे पीठ म्हणतात पण पिठात, मीठ पण मिठाचा, तसंच जीन पण जिनात. वऱ्हाडातल्या अडाणी गाडीवानाने व्याकरणाचं पुस्तक न बघता इंग्रजी शब्द मराठीच्या नियमात बसवून टाकला. शब्द आपला झाला की नाही हे ओळखायची माझी खूण हीच, तो विभक्तीला वाकतो का. 'जीन्स' अजून वाकत नाही, बघ: 'जीन्समध्ये', 'जीन्सच्या'. पण लिंग मात्र प्रत्येकाला वेगळं मिळालं. जीन बंद पडलं, जीन्स फाटली. 'ती जीन्स' कारण 'ती पँट', 'ती विजार'.

या गोंधळाचा मासला माझ्या वर्गातच घडला. आठवीच्या मुलांना एका वाक्याचं मराठी करायला दिलं होतं: व्हिटनीने कॉटन जिनचा शोध लावला. एका पोराने लिहिलं, "व्हिटनीने कापसाची दारू शोधून काढली." सगळा वर्ग खिदळला. मीही हसलो आणि त्याला शून्य दिलं. नंतर लक्षात आलं की त्याने प्रामाणिकपणे छोट्या शब्दकोशात पाहिलं होतं. तिथे जिनपुढे 'एक प्रकारची दारू' एवढंच छापलं होतं. आणि त्याचा बाप जिनात हमाल होता! घरी रोज बोलतो तो 'जीन' आणि पुस्तकातला 'जी-आय-एन' एकच आहेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

आता यंत्राचं जीन आलं कुठून? ते इंजिनचं शेपूट आहे. पुढचं अक्षर गळालं, मागचं राहिलं. आपण नाही का स्टेशनचं टेशन करत. गंमत अशी की मराठीत मग एकच शब्द दोनदा आला. विहिरीवरचं ऑइल इंजिन आणि गावाबाहेरचं जीन मुळात एकच, जसं आपलं 'कर्म' आणि 'काम' एकच. एक पूर्ण पोशाखात आलं, एक बनियनवर.

इंजिन इंग्रजीत आलं जुन्या फ्रेंचमधल्या 'आंजँ'वरून आणि ते लॅटिनमधल्या 'इन्गेनिउम'वरून. या इन्गेनिउमचे दोन तुकडे: 'इन' म्हणजे आत, 'गेन' म्हणजे जन्मणं. माणसासोबत आत जन्मून आलेली अक्कल, असा त्याचा अर्थ. आधी अक्कल, मग अकलेने केलेली युक्ती, मग त्या युक्तीतून झालेली वस्तू. बराच काळ 'इंजिन' म्हटलं की लोकांना तटबंदी फोडायची यंत्रं आठवत, आणि इंजिनिअर म्हणजे ती यंत्रं बांधणारा. वाफेचा त्याच्याशी संबंध फार उशिरा आला. अर्थाचा हा प्रवास तुला विचित्र वाटत असेल तर आपली 'कळ' बघ. मूळ 'कला', म्हणजे कौशल्य. त्यावरून कळ म्हणजे युक्ती, आणि मग कुलपाची कळ, दिव्याची कळ. कौशल्य ते खटका. वाट तीच.

युक्तीची दुसरी बाजू कपट. म्हणून जुन्या इंग्रजीत जिन म्हणजे सापळाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात एकशेचाळिसाव्या स्तोत्रात भक्त गाऱ्हाणं करतो की गर्विष्ठांनी माझ्यासाठी जिन मांडून ठेवले आहेत. तिथे ना कापूस ना दारू, फासे आहेत. सशा-कोल्ह्यांचे पाय पकडणाऱ्या दातेरी लोखंडी सापळ्याला इंग्लंडमध्ये अगदी अलीकडेपर्यंत जिन ट्रॅप म्हणत. १९५८ मध्ये तिथे त्याच्यावर बंदी आली.

आता 'गेन' धरून ठेव, तुझ्या प्रश्नातला खरा माल तिथे आहे. आपल्या धातुपाठात 'जनी प्रादुर्भावे' असा धातू आहे. जन् म्हणजे प्रकट होणं, जन्मणं. त्यातून जन्म, जन, जनक, जननी, प्रजा, जाती. लॅटिन 'गेन' आणि संस्कृत 'जन्' ही एकाच मुळाची दोन रूपं आहेत.

यावर तू म्हणशील, सर, कानाला सारखं लागतं म्हणून जोडलं का? नाही. तसं जोडणारे गावागणिक चार सापडतात. इंजिन 'अंजना'वरून आलं असं मला एका लग्नाच्या पंगतीत भात वाढता वाढता सांगितलेलं आहे. एक जोडी जुळली तर तो योगायोग असू शकतो, म्हणून मी जोड्यांची रांग मागतो. आपला 'जानु' घे, म्हणजे गुडघा, आजानुबाहूमधला. लॅटिनमध्ये गुडघ्याला 'गेनु', आणि इंग्रजीत 'नी', ज्याच्या स्पेलिंगमध्ये पुढे एक मुका 'के' उभा असतो. दरवर्षी नवी पोरं विचारतात, सर हा के कायले आहे? तो पूर्वी बोलला जायचा, म्हणून आहे. दुसरी जोडी: आपलं 'ज्ञा', ग्रीकमध्ये 'ग्नो', इंग्रजीत 'नो' म्हणजे जाणणे, तिथेही तोच मुका के. तिसरी: आपला 'जन', लॅटिन 'गेनुस', इंग्रजी 'किन' म्हणजे नात्यागोत्याचे लोक. संस्कृतला ज, ग्रीक-लॅटिनला ग, इंग्रजीला क. तिन्ही वेळा तोच क्रम. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये ग चा क होण्यासारखे हे बदल नियमात मांडून दाखवले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात हे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ मध्येच बोलून दाखवलं होतं. फारसीत याच जागी झ येतो. 'शहजादा'मधला जादा म्हणजे जन्मलेला, बादशहाच्या पोटचा. त्याच जादाची एक शिवी आपल्या बाजारात रोज ऐकू येते, ती तुला माहीत आहे.

एक खड्डा मात्र दाखवून ठेवतो, कारण मी त्यात पडलो होतो. इन्गेनिउमचं मराठी मी 'उपजत बुद्धी' असं करायचो आणि उपजतमधला ज दाखवून म्हणायचो, बघा, हाही जन्! तो नाही. उपजणे हे 'उत्पद्यते'वरून आलं. प्राकृतात 'द्य'चा 'ज्ज' झाला, जसा 'अद्य'चा 'आज' झाला. अर्थ जुळला, अक्षर जुळलं, तरी नातं नाही. मराठीत ज दिसला की त्याचा बाप विचारायचा.

आता तुझ्या विषयात ये. बियाण्यातलं जीन. हा शब्द कोणी, कधी बनवला हे नेमकं माहीत आहे. शब्दांच्या जगात असं भाग्य क्वचित. विल्हेल्म योहान्सन नावाच्या डॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये जर्मन पुस्तकात 'गेन' असा शब्द वापरला. हा माणूस घेवड्याच्या बिया तोलायचा. एकेका झाडाचा वंश वेगळा ठेवायचा, पिढ्यान्‌पिढ्या वजनं लिहायचा, आणि बघायचा की जड बी पेरलं की जडच येतं का. एकाच शुद्ध वंशातलं जड बी आणि हलकं बी पेरलं तर पुढच्या पिढीची सरासरी सारखीच यायची. म्हणजे बीचा आकार एक गोष्ट आणि तिच्या आत दडलेलं काहीतरी दुसरी. त्या आतल्याला नाव हवं होतं. ह्यूगो द व्ह्रीसचा 'पानगेन' हा शब्द चलनात होता, डार्विनच्या 'पॅनजेनेसिस'वरून घेतलेला. योहान्सनने पुढचं 'पान' छाटलं. कारणही दिलं: हा छोटा शब्द, कुठल्याही सिद्धान्ताचं ओझं न वाहणारा. मेंडेलने वाटाण्यावर तेच पाहिलं होतं, १८६६ मध्ये छापलंही होतं, पण त्याच्याकडे हा शब्द नव्हता.

पानगेनमधलं ते 'गेन' ग्रीक, अर्थ जन्म किंवा वंश. तोच जन्. म्हणजे तुझ्या प्रश्नातली पहिली दोन जीनं, रुई काढणारं आणि बोंडअळीशी झगडणारं, एकाच मुळावरची. एक लॅटिन-फ्रेंचच्या वाटेने आलं आणि रस्त्यात त्याचं यंत्र झालं, दुसरं ग्रीकमधून सरळ उचललं. पण आडनाव एक म्हणून सातबारा एक होत नाही. यंत्राला जीन म्हणणाऱ्याला वंशाची आठवण नव्हती, आणि योहान्सनच्या डोक्यात यंत्र नव्हतं.

मराठीत जीनला 'जनुक' म्हणतात. तुमची पुस्तकं इंग्रजीत असल्याने तुला हा शब्द बोजड वाटत असेल. मला तो गेल्या शंभर वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या बनवलेल्या शब्दांपैकी वाटतो. परिभाषा बनवणारे बहुधा दोनच गोष्टी करतात: इंग्रजी शब्द तसाच उचलतात, नाहीतर अर्थ घेऊन चार हात लांब समास करतात. इथे अर्थ आला, उच्चार जवळपास आला, आणि वर शब्द आपल्याच धातूचा, जो योहान्सनच्या 'गेन'चा सख्खा चुलत. आणि तो विभक्तीला वाकतो: जनुकात, जनुकाने, जनुकांची.

बीटीचं म्हणशील तर त्यात आणखी एक गाव लपलं आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. बॅसिलस म्हणजे छोटी काडी, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तो जिवाणू काडीसारखा दिसतो, आणि थुरिंजिएन्सिस म्हणजे जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांताचा. या जिवाणूचं एक जनुक कापसात घातलं, त्याचं नाव क्राय वन एसी. 'क्राय' म्हणजे रडणं नव्हे, क्रिस्टलचं आखूड रूप, कारण ते प्रथिन स्फटिकाच्या रूपात सापडतं. भारतात त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. गुलाबी बोंडअळीने पुढे त्याला दाद देणं सोडलं, त्याचं रडगाणं तुझ्या बाबांना पाठ आहे. शब्दापुरतं सांगायचं तर 'बीटी' आता पूर्ण मराठी झालं. "यंदा पाच एकर बीटी लावली" म्हणताना थुरिंगिया कोणाला आठवते?

आता अंगातली जीन्स. इटलीत समुद्रकाठी जेनोव्हा नावाचं बंदर आहे, इंग्रजीत जेनोआ. फ्रेंच लोक त्याला 'झेन' म्हणतात. तिथून येणाऱ्या जाड कापडाला सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'जीन फस्टियन' म्हणू लागले. पुढे फस्टियन गळालं. म्हणजे हे गावाचं नाव कापडाला चिकटण्याचं प्रकरण, पैठणी आणि नागपुरी धोतरासारखं.

आणि खरं सांगू का, तू घालतोस ती जीन्स 'जीन' कापडाची नसतेच. ती डेनिमची. पायाकडची कड दुमडून बघ: बाहेर निळं, आत पांढरं. उभा धागा रंगवलेला आणि आडवा कोरा असला की डेनिम. जुन्या जीन कापडात उभे-आडवे दोन्ही धागे एकाच रंगाचे असत. डेनिम हे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून, 'सर्ज द नीम', म्हणजे नीमचं कापड, असं मानतात. २० मे १८७३ ला शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडवाला लिव्हाय स्ट्रॉस यांना खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकायचं पेटंट मिळालं, कारण मजुरांचे खिसे तिथेच उसवत. तेव्हा त्या पँटीला जीन्स म्हणतही नव्हते, 'ओव्हरॉल' म्हणत. कापडाचं नाव पँटीला नंतर लागलं, आणि तोवर कापड बदललेलं होतं. आपल्याकडचा माल काही मागे नव्हता: 'डंगरी' हे जाडंभरडं कापड मुंबईच्या डोंगरीवरून, असं म्हणतात. तो शब्द इकडून तिकडे गेला आणि पोरांची अंगभर पँट होऊन परत आला.

आता माझी चूक. वर्षानुवर्षं मी फळ्यावर युरोपचा नकाशा काढून दोन टिंबं द्यायचो. एक जेनोआ: इथून जीन्स. दुसरं जिनिव्हा: इथून जिन दारू. किती छान! दोन शहरं, दोन शब्द, पोरांच्या डोक्यात पक्कं बसायचं. आधार होता माझ्या जुन्या कोशाचा, त्यात जिनपुढे 'जिनिव्हाचं लघुरूप' असं छापलं होतं. मागची पानं उलटून त्या जिनिव्हापुढे काय लिहिलं आहे ते पाहायचं मला सुचलं नाही. तिथे लिहिलं होतं की हा शब्द डच आहे आणि शहराशी त्याचा संबंध नाही.

खरी गोष्ट अशी. हॉलंडमध्ये ज्युनिपर नावाच्या काटेरी झुडपाची निळसर फळं घालून दारू काढत. फळाच्या नावावरून तिला 'येनेव्हर' म्हणत. हे नाव जुन्या फ्रेंचमधून आणि त्याआधी लॅटिन 'युनिपेरुस'वरून. इंग्रजांना येनेव्हर म्हणता येईना, त्यांनी कानाला ओळखीचं शहर घालून जिनिव्हा केलं, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तेही तोडून जिन. त्या शतकात लंडनची गोरगरीब वस्ती या स्वस्त दारूने इतकी नासली की पार्लमेंटला कायद्यामागून कायदे करावे लागले. १७५१ च्या कायद्याच्या वेळी हॉगार्थने काढलेलं 'जिन लेन' हे चित्र प्रसिद्ध आहे, त्यात आईच्या हातून मूल खाली पडतंय आणि तिला शुद्ध नाही. मोहाच्या पहिल्या धारेची ज्या भागात ओळख आहे तिथे ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. ज्युनिपरची फळं आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर म्हणून मिळतात. आणून दाखव तुझ्या मित्राला, वासच सांगेल.

चूक कळली त्या वर्षी मी दहावीच्या वर्गात उभं राहून सांगितलं, आधीच्या वर्गांना निरोप पाठवले. किती जणांपर्यंत पोचले देव जाणे. अजूनही आठवडी बाजारात एखादा जुना विद्यार्थी भेटतो आणि मोठ्या प्रेमाने म्हणतो, "सर, जिनिव्हा अजून याद आहे."

उरलेले दोघे पटकन. घोड्यावर कसतात ते जीन फारसीतलं 'झीन', अर्थ खोगीर, तुझ्या चौघांशी त्याचं काही नातं नाही. दिव्यातून निघणारा जिन्न अरबी, ज्या मूळ शब्दाचा अर्थ लपणं. त्याला इंग्रजीत 'जीनी' म्हणतात, तो मात्र भेसळीचा माल. अठराव्या शतकात अरबी सुरस कथा फ्रेंचमध्ये नेताना गालाँने जिन्नसाठी आवाजाने आणि अर्थाने जवळचा फ्रेंच 'जेनी' वापरला. तो लॅटिन 'गेनिउस'वरून, म्हणजे जन्मापासून सोबत असलेला रक्षक देव. भूत अरबी, नाव आपल्या जन्‌च्या घरचं.

शेवटी एक कबुली राहते. मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, आमच्या गावच्या किराणा दुकानदाराने मला जीनचा अर्थ समजावून सांगितला होता. यादी लिहीत होता, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, "सर, जिनात रुई निंगते, सरकी निंगते, सरकीतून तेल अन ढेप. इतके जिन्नस निंगतात म्हनून त्याले जीन म्हनतात." मी हसलो. इतका हसलो की त्याने पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

नंतर कधीतरी कोश चाळताना 'जिन्नस' समोर आला. फारसीतून आलेला, फारसीत अरबी 'जिन्स'वरून, अर्थ प्रकार, जात. आणि अरबीत तो आरामीच्या वाटेने ग्रीकमधून आलेला: 'गेनोस'. वंश, जात, जन्म. योहान्सनचं जनुक ज्या घरचं, त्याच घरचा हा जिन्नस, फक्त अथेन्स, दमास्कस, इस्फहान असा फेरा मारून आमच्या गावच्या किराणा यादीत येऊन बसलेला. त्याचं कारण साफ चुकीचं होतं, पण नातं खरं निघालं.

मागच्या महिन्यात तूरडाळ आणायला गेलो तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. आता दुकान पोरगा बघतो, तो नुसता गल्ल्यामागे बसून असतो. पूर्ण ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकून आला आणि म्हणाला, "मंग? मी तवाच म्हनलो होतो न, सर." डाळीचे पैसे मात्र पुरे घेतले.